मधली चकती

प्रयोगशाळेत त्यांना सगळे पट्टीबाई म्हणत. हे नाव खिडकीवर नमुने घेणाऱ्या कारकुनाने ठेवलं होतं आणि ते त्यांच्या तोंडावरच म्हटलं जाई, त्यामुळे रागावण्यात अर्थ नव्हता. एकवीस वर्षं त्या वर्तुळं मोजत होत्या. कोटाच्या खिशात पारदर्शक पट्टी असे. कुणाशी बोलतानाही समोरच्याच्या शर्टाचं बटण किती मिलिमीटरचं आहे, याचा अंदाज त्यांच्या डोळ्यांना आपोआप येई.

कामाची रीत सोपी होती. रोग्याच्या पुवातून वाढवलेले जंतू एका चपट्या गोल प्लेटमधल्या घट्ट जेलीवर सारवायचे. त्यावर औषधं मुरवलेल्या सहा कागदी चकत्या गोलाकार ठेवायच्या, बटणापेक्षाही लहान. मग ती प्लेट उबदार कपाटात ठेवून सोळा ते अठरा तास तिच्याकडे फिरकायचं नाही. सकाळी जंतू सायीसारखे सगळीकडे पसरलेले दिसतात. फक्त ज्या औषधापुढे त्यांचं काही चाललं नाही, त्या चकतीभोवती स्वच्छ गोल जागा उरते. तो गोल मोजायचा, तक्त्याशी ताडून पाहायचा आणि रिपोर्टात लिहायचं की हे औषध चालेल, हे चालणार नाही.

बुधवारी सकाळी त्यांच्या हातात आलेली प्लेट त्यांच्या धाकट्या दिराची होती.

दीर शिंपी होता. पंधरा दिवसांपूर्वी मशीनची सुई त्याच्या उजव्या अंगठ्यातून आरपार गेली. त्याने ती ओढून काढली, चिंधीने अंगठा बांधला आणि हातातली पँट पुरी केली. आठवड्याभरात अंगठा टम्म फुगला. डॉक्टरांनी तो चिरला तेव्हा पू हाडापर्यंत पोचला होता. सर्जन म्हणाले की अंगठा वाचेल, पण योग्य औषध सहा आठवडे अंगात गेलं तरच. मधेच जंतू उलटला तर अंगठा अर्ध्यातून काढावा लागेल. शिंप्याचा उजवा अंगठा गेला की कात्री गेली. त्याच्या घरात हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

जंतू वाईट जातीचा निघाला, पेनिसिलीनच्या अख्ख्या गोतावळ्याला न जुमानणारा. पण क्लिंडामायसिनच्या चकतीभोवती पंचवीस मिलिमीटरचा सुरेख गोल होता. पट्टीबाईंनी तो दोनदा मोजला, आणि घरचं माणूस म्हणून तिसऱ्यांदाही. या औषधाच्या गोळ्या मिळतात आणि ते हाडात चांगलं पोचतं. म्हणजे हातातली सुई निघणार, सलाईन सुटणार, दीर घरी जाणार. रिपोर्टाच्या शेवटच्या रकान्यात, जिथे गोल एका बाजूने चपटा आहे का असं विचारलेलं असतं, तिथे त्यांनी सवयीने 'नाही' लिहिलं. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरांनी, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत, आकडे पाहून सही केली.

आणि रिपोर्ट वॉर्डात पोचायच्या आधीच पट्टीबाईंनी जावेला फोन केला. जाऊ फोनवर थोडं रडली. मग म्हणाली की ताई, तुमच्या त्या वर्तुळांना आम्ही इतकी वर्षं हसलो, आज मात्र हात जोडते.

सर्जननी रिपोर्ट पाहून बारा वाजता पहिली गोळी दिली. संध्याकाळी पाचला घरी सोडायचं ठरलं.

जेवणाच्या सुट्टीत पट्टीबाई वॉर्डात गेल्या. जाऊ पिशव्या भरत होती. दीर डाव्या हाताने केळं सोलण्याची खटपट करत होता. त्यांना पाहून त्याने विचारलं की वहिनी, तुमचे जंतू एवढे हुशार, तर त्यांच्यात डाव्या हाताने काज करणारा कुणी भेटेल का. दहा वर्षांची पुतणी पलंगाच्या पायथ्याशी वही घेऊन बसली होती. तिला एकच कोडं पडलं होतं. औषध बाबांना दिलंच नव्हतं, तर ते लागू पडणार हे काकूला आधीच कसं कळलं?

मुलांनी असं काही विचारलं की पट्टीबाई जेवण विसरत. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर पेला उपडा ठेवून वर्तुळ काढलं, आत सहा ठिपके दिले, ठिपक्यांना औषधांची नावं दिली आणि प्रत्येक ठिपक्याभोवती लहानमोठा गोल काढला.

"मग ज्याचा गोल मोठा त्याचा पहिला नंबर," पुतणी म्हणाली.

पट्टीबाई म्हणाल्या की हीच चूक मोठी माणसंही करतात. प्रत्येक औषध जेलीत आपल्या वेगाने पसरतं, म्हणून एकाचा गोल दुसऱ्याच्या गोलाशी ताडायचाच नसतो. पाच वर्षांचं पोर साडेतीन फूट असलं तर आपण म्हणतो छान वाढलंय. तुझे बाबा साडेतीन फूट असते तर?

"तर कापड कमी लागलं असतं," दीर म्हणाला.

प्रत्येक औषधाचा पास व्हायचा आकडा वेगळा, त्यांनी समजावलं. एक सतरा मिळवून पास होतं आणि दुसरं अठरा मिळवूनही नापास. मग त्यांनी दोन ठिपक्यांवर बोट ठेवलं. एक क्लिंडामायसिन, दुसरं त्याच्याच नात्यातलं एरिथ्रोमायसिन. ही दोघं नेहमी शेजारी ठेवायची. का, तर काही जंतूंकडे एक राखणदार असतो, पण झोपाळू. क्लिंडामायसिन चोरपावलांनी येतं. राखणदाराला जाग येत नाही आणि जंतू मरतो. एरिथ्रोमायसिन येतं दाणदाण पाय आपटत. त्या आवाजाने राखणदार उठतो, आणि एकदा उठला की दोघांनाही हाकलतो. म्हणून राखणदार असला, तर क्लिंडामायसिनचा गोल त्या दांडगट शेजाऱ्याच्या बाजूने चपटा होतो.

"पण बाबांना ते दाणदाण औषध देणारच नाहीत ना? मग झोपू दे की त्याला."

प्रश्न चांगला होता. पट्टीबाई क्षणभर खूश झाल्या. त्या म्हणाल्या की सहा आठवडे लांबचा पल्ला आहे. कोट्यवधी राखणदारांत एखादा जन्मतःच जागा निघतो. बाकीचे मरतात, तो उरतो, आणि मग त्याचीच पिलावळ. औषध आधी लागू पडल्यासारखं वाटतं आणि नंतर उलटतं. म्हणून राखणदार आहे की नाही ते आधीच पाहायचं.

"आणि पाहायचं तर जवळून," त्या म्हणाल्या. "दोघांत दीड-दोन सेंटिमीटर, फार तर अडीच. लांब ठेवलं तर आवाज तिथवर पोचतच नाही. मग राखणदार असला तरी गोल दिसतो तो..."

त्यांचं वाक्य तिथेच राहिलं. वहीवरचे दोन ठिपके त्यांनी हाताच्या सवयीने शेजारी काढले होते. सकाळची प्लेट डोळ्यांसमोर आली, मिलिमीटरसकट. तिच्यात त्या दोघांच्या मधे तिसरी एक चकती होती.

काम आठवलं असं सांगून त्या उठल्या. पुतणीने मागून विचारलं की गोल दिसतो तो कसा, पण त्या दारापर्यंत पोचल्या होत्या.

वापरलेल्या प्लेटा लाल पिशवीत भरून वाफेवर शिजवायला जातात. आजची पिशवी अजून गेली नव्हती. पट्टीबाईंनी हातमोजे चढवले, दिराच्या नंबरची प्लेट शोधली आणि खिडकीपाशी नेऊन पाहिली. क्लिंडामायसिन, मग दुसरंच एक औषध, मग एरिथ्रोमायसिन. मधलं अंतर त्यांनी मोजलं. साडेचार सेंटिमीटर. एरिथ्रोमायसिनभोवती गोल अजिबात नव्हता, जंतू चकतीला चिकटून वाढले होते. म्हणजे राखणदाराची शंका घ्यायलाच हवी होती. आणि शंका घ्यायच्या रकान्यात त्यांनी 'नाही' लिहिलं होतं.

हे कसं झालं ते शोधायला लांब जावं लागलं नाही. सहाही चकत्या एका दाबात प्लेटवर सोडणारं एक यंत्र असतं. त्यात चकत्यांच्या सहा नळ्या बसतात. नऊ दिवसांपूर्वी फ्रीज धुवायला काढला तेव्हा ते यंत्र रिकामं केलं होतं. परत भरताना पट्टीबाईंना जुना क्रम विस्कळीत वाटला, म्हणून त्यांनी नळ्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावल्या आणि रजिस्टरात तशी नोंदही केली, ठळक अक्षरांत, खाली सही. मॅडमनी वाचून छान म्हटलं होतं. जुना क्रम कुणी तरी विचार करून लावला होता, पण त्याचं कारण कुठे लिहिलेलं नव्हतं. ते कारण पट्टीबाईंना माहीत होतं. शिकाऊ मुलींना त्या ते दरवर्षी शिकवत. त्या दिवशी मात्र डोकं टापटिपीत गुंतलं होतं आणि हातांना कुणी काही विचारलं नाही.

त्यांनी नऊ दिवसांची पानं उलटली. याच जातीचे, एरिथ्रोमायसिनला न जुमानणारे आणि क्लिंडामायसिनने मरणारे आणखी दोन रोगी होते. एकाच्या पाठीवरचं गळू नुसतं चिरून बरं झालं होतं, त्याला औषध दिलंच नव्हतं. दुसरी नोंद होती: स्त्री, वय एकेचाळीस, डावी टाच, हाड. गोळ्यांवर घरी पाठवून सहा दिवस झाले होते.

तीन वाजायला आले होते. जंतू कालच्या प्लेटवर ताजे होते, म्हणून त्यांनी आधी दिराचीच तपासणी पुन्हा लावली. नवी प्लेट, नवं सारवण. या वेळी यंत्र बाजूला ठेवून चिमट्याने दोनच चकत्या, मधे पट्टी धरून दोन सेंटिमीटर. झाकणावर वेळ लिहिली, तीन दहा. टाचेचे जंतू फ्रीजमधल्या नळीत जपून ठेवलेले होते. ते थंडीतून उठून नीट वाढायला एक रात्र घेणार, मग चकत्या, मग आणखी एक रात्र. त्यांनी तेही एका प्लेटवर ओढून ठेवले. मग यंत्रातल्या नळ्या काढून जुन्या क्रमाने लावल्या आणि या वेळी कारणासकट नोंद केली.

सगळं करून झालं तरी त्या उबदार कपाटाच्या दारावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मन म्हणजे मोठा वकील. ते म्हणालं, आपल्याकडे असे दहा जंतू आले तर सहा-सात गोलच निघतात. उद्या सकाळी कळेलच. गोल निघाला तर प्रश्नच नाही, चपटा निघाला तर बोलावून घेऊ. तोवर कशाला बोभाटा? दोन गोळ्यांनी काय आभाळ कोसळतंय? त्यावर त्यांनी स्वतःला विचारलं की रोगी दुसऱ्या कुणाचा दीर असता, तर हेच म्हटलं असतं का. असंच थांबलं तर पाच वाजतील, सुई निघेल आणि दीर घरी जाईल. चूक झाकून ठेवण्यात अर्थ नव्हता. त्या मॅडमच्या खोलीत गेल्या.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, प्लेट पाहिली, रजिस्टरातली ती सुबक नोंद पाहिली. मग म्हणाल्या की खाली सही माझीही आहे. आकडे पाहिले, प्लेट मागवली नाही. त्यांनी सर्जनना फोन लावला. सर्जन वैतागले, पण सुई काढणार नाही, सलाईनमधून औषध पुन्हा सुरू करतो म्हणाले. टाचेच्या बाईंची शनिवारी फेरतपासणी होती. त्या चांगल्या चालत घरी गेल्या आहेत, शुक्रवारी निकाल येतोय तर तेव्हाच काय ते ठरवू, असं त्यांचं म्हणणं पडलं. मॅडमना ते फारसं पटलं नाही, तरी त्यांनी मानलं. फोन ठेवून त्यांनी विचारलं की वॉर्डात घरच्यांना मी सांगू का.

"नको. मीच सांगते."

जाऊ व्हरांड्यात पिशव्यांजवळ उभी होती. पट्टीबाईंनी आडवळण न घेता सांगितलं की आज जायचं नाही, रिपोर्टात चूक झाली, माझ्याकडून.

जावेने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "सकाळी तुम्हीच फोन केलात. तीन वेळा मोजलं म्हणालात."

"मोजलं ते बरोबर होतं. पण जे बघायचं होतं, ते त्या प्लेटमधे दिसणारच नव्हतं. आणि मी बघितलं असं लिहिलं."

"मग गोळी लागू आहे की नाही?"

"आत्ता माहीत नाही."

"हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, ताई. माहीत नाही हे काय उत्तर झालं?" जावेचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "सगळ्या जगाची मापं घेत फिरता. आणि घरच्या माणसाच्या वेळीच पट्टी उलटी धरलीत?"

सकाळपर्यंत थांबावं लागेल, एवढंच पट्टीबाई म्हणाल्या. आतून दिराने ओरडून सांगितलं की बरं झालं, घरी गेलो असतो तर डाव्या हाताने झाडू मारायला लावला असता. पुतणीने वही छातीशी धरली होती. तिने काही विचारलं नाही, आणि ते पट्टीबाईंना जावेच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

घरी नवऱ्याने भावाची बातमी ऐकली आणि एवढंच म्हटलं की सांगितलंस ते बरं केलंस. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी कपाटातले कप्पे पुसायला काढले, अर्ध्यात सोडले, भाजी चिरायला घेतली, मीठ दोनदा घातलं. नवरा पहिल्या घासाला पाणी प्यायला आणि पानातलं सगळं जेवला.

सकाळी साडेसहालाच त्या प्रयोगशाळेत हजर होत्या. अठरा तास नऊ दहाला पुरे होत होते. तपासणी घाईने वाचली तर फसवते. राखणदाराला जाग यायला आणि ती दिसायला वेळ लागतो, हे त्या स्वतःच शिकवत. त्यांनी टेबल पुसलं. पेन्सिलींना टोकं केली. टेबल पुन्हा पुसलं. कपाटाच्या काचेच्या दारापाशी तीनदा गेल्या आणि तीनदा परत आल्या. आठला कारकून आला, दारात उभा राहून थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आत अंडं आहे का, पट्टीबाई? बाहेरून उबवताय."

एरवी त्यांनी त्याला चार शब्द सुनावले असते. आज त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

नऊ दहाला मॅडम आल्या. त्यांनीच प्लेट बाहेर काढली, दिव्याखाली धरली, सावकाश फिरवली आणि पट्टीबाईंच्या हातात दिली. क्लिंडामायसिनचा गोल सगळीकडून गोल होता. शेजाऱ्याच्या बाजूनेही, अगदी वाटीने कापल्यासारखा. राखणदार नव्हताच. मॅडम म्हणाल्या की सुटलात. पट्टीबाईंनी प्लेट उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, चकत्यांमधलं अंतर पुन्हा मोजलं आणि मगच खुर्चीवर बसल्या.

या वेळी रिपोर्ट आधी वॉर्डात गेला. मग त्या गेल्या.

"गोल आहे. गोळ्या चालतील."

"म्हणजे कालचंच उत्तर," जाऊ म्हणाली.

"उत्तर तेच."

"मग कालचा दिवस गेला कशाला?"

पट्टीबाई काही बोलायच्या आत पुतणी म्हणाली की आमच्या बाई नुसतं उत्तर बरोबर आलं तर गुण देत नाहीत, रीत दाखवावी लागते, नाहीतर अंदाजपंचे लिहिलंय म्हणतात. जावेने तिला गप्प बस म्हटलं. ती पिशव्या उचलायला लागली. जाताना मान वर न करता म्हणाली, "पुढच्या वेळी मला फोन सगळ्यात शेवटी करा, ताई. मी थांबेन." बोलण्यात राग होता, पण बोलणं खरं होतं. पट्टीबाईंनी हो म्हटलं.

त्या दुपारी त्यांनी टाचेच्या जंतूंवर चकत्या ठेवल्या. अंतर बरोबर ठेवलं, वेळ लिहिली, सगळं नेमाने केलं. पण कालची धास्ती नव्हती. एक गोल निघाला, हाही निघेल, असं मनाने परस्पर ठरवून टाकलं होतं. कपाटाचं दार लावून त्या वेळेवर घरी गेल्या. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

शुक्रवारी त्या नेहमीच्या वेळेला आल्या, चहा घेतला, कारकुनाला कालच्या अंड्याबद्दल सुनवायचं राहिलं होतं ते सुनावलं आणि त्याच्याशी बोलताबोलताच प्लेट काढली.

क्लिंडामायसिनचा गोल एका बाजूने कापला होता. तीन बाजूंनी भरलेला, आणि एरिथ्रोमायसिनच्या बाजूने पट्टी लावून ओढावी तशी सरळ कड. शिकाऊ मुलींना दाखवायला इतका स्वच्छ नमुना वर्षातून एखादाच मिळतो.

कारकून काही तरी बोलत होता. पट्टीबाईंना ते ऐकू आलं नाही. दोन दिवस त्या एका अंगठ्यासाठी तळमळल्या होत्या. ही टाच त्याच रजिस्टरात होती, त्यांच्याच अक्षरात. तिच्यासाठी त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नव्हतं. तिच्या वेळेला त्या झोपल्या होत्या.

मॅडमनी प्लेट पाहिली आणि लगेच फोन उचलला. सर्जन शस्त्रक्रियेत होते, बारापर्यंत बाहेर येणार नव्हते. तोवर थांबायचं नाही, मॅडम म्हणाल्या, बाईंना आजच बोलावून घेऊ, खाट मी बघते. रोग्यांशी बोलायचं काम प्रयोगशाळेचं नव्हे. तरी पट्टीबाईंनी बाईंच्या केसपेपरवरचा फोन नंबर मागून घेतला.

फोन बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा मागे वाफ सोडल्यासारखा आवाज येत होता. पट्टीबाईंनी कुठून बोलते ते सांगितलं आणि टाच कशी आहे विचारलं.

"बरी होती," बाई म्हणाली. "पहिले पाच-सहा दिवस एकदम छान. परवापासून परत ठणकतेय. सूजही आहे जरा. इस्त्रीचं काम, उभं राहावं लागतं ना, त्यामुळे असेल म्हटलं."

"कुणाला सांगितलंत का?"

"कशाला सांगू? गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत, पुऱ्या करायच्या, असं बजावून सांगितलंय डॉक्टरांनी. एकही चुकवली नाही मी. उद्या बोलावलंच आहे."

एकही चुकवली नाही. पट्टीबाईंनी दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरली. सवयीने डोळे तिच्या जाडीवर गेले, आणि त्यांनी ते तिथून ओढून काढले.

"उद्या नको. आजच या, आत्ताच. तुमचं काही चुकलेलं नाही. गोळी बदलायला हवी आहे."

"तुम्ही डॉक्टर का?"

मॅडमनी फोनसाठी हात पुढे केला होता. पट्टीबाईंनी मानेनेच थांबा म्हटलं.

"नाही. तुमचा रिपोर्ट मी लिहिला होता. त्यात ही गोळी चालेल असं मी लिहिलं, ते चुकीचं होतं. आता नीट तपासलंय. टाच वाचवायची तर दुसरं औषध लागेल, ते शिरेतून द्यावं लागेल. म्हणून आजच."

पलीकडे वाफेचा आवाज बंद झाला. बाई रागावेल, रडेल, फोन ठेवेल, या सगळ्याची पट्टीबाईंनी तयारी केली होती. बाईने विचारलं की आज रात्री राहावं लागेल का. राहावं लागेल, पट्टीबाई म्हणाल्या. मग बाई म्हणाली की सासूला औषध द्यायचं असतं दोन वाजता, ते शेजारणीला सांगून येते, आणि हातातले सात शर्ट तेवढे उरकते.

"शर्ट राहू द्या. उभं राहू नका. गाडीने या."

"बरं. दवाखाना मोठा आहे हो, मागच्या वेळी पण चुकले होते. कुठे येऊ? कुणाला विचारू?"

मॅडमनी वॉर्डाचा मजला कागदावर लिहून समोर सरकवला. पट्टीबाईंनी तो वाचला आणि बाजूला ठेवला.

"कुणाला विचारू नका," त्या म्हणाल्या. "मुख्य दाराशी उतरा. मी चाकाची खुर्ची घेऊन तिथेच उभी असेन."